ट्रायलच्या दिवशी मास्तर कुठे असावा?

मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत जरा खाली वाकून बघितलं तर पेडलं दोन ठिकाणी दिसतात. उजवीकडे नेहमीचे क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. आणि डावीकडे, मास्तर बसतो तिथे, त्याच्या पायांशी आणखी एक क्लच आणि ब्रेक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटारसायकल सोडली तर शाळेच्या प्रत्येक गाडीत ही सोय असावीच लागते. शिकताना ती हवीच. जबलपूरच्या रसेल चौकात सिग्नल सुटला की चहूबाजूंनी ई-रिक्षा आणि स्कूटर अंगावर येतात, अशा वेळी नवशिक्याचा पाय गोंधळला तर सावरायला दुसरा पाय असलेला बरा. भानगड होते ती लायसन्सच्या ट्रायलच्या दिवशी. त्या दिवशी मास्तरला सोबत न्यायचं का? नेलं तर बाजूच्या सीटवर बसवायचं, की फाटकाबाहेर टपरीवर चहा पीत थांबा म्हणायचं?

जबलपूरच्या मराठी घरांत हा विषय निघतो तो बहुधा धीराच्या अंगाने. एक म्हणते, सर बाजूला असले की हात-पाय थरथरत नाहीत. दुसरी म्हणते, सर बघताहेत म्हटलं की येत असलेलंही विसरायला होतं. दोघी खरं बोलतात. तरी माझ्या मते धीर हा या प्रश्नाचा धाकटा भाग आहे. थोरला भाग त्या जादा पेडलांचा आहे, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्याखालचे १९८९ चे नियम देशभर एकच आहेत. एमपी २० असो की एमएच ३१. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर किमान तीस दिवस थांबावं लागतं, मग ट्रायल देता येते. लर्निंग सहा महिने चालतं. नियम १५ मध्ये ट्रायलला काय काय करून दाखवायचं त्याची लांबलचक यादी आहे: आरसा नीट करणं, गिअर चढवत वरपर्यंत नेणं आणि उतरवणं, गाडी मागे घेणं, चढावर थांबवून मागे न घसरू देता पुन्हा काढणं. आपल्या मैदानांवर आठ काढायला लावतात, काही ठिकाणी एच. पण शिकवणाऱ्याने त्या वेळी कुठे बसावं किंवा बसू नये, याबद्दल ती यादी काहीच बोलत नाही. त्यामुळे ही गोष्ट त्या-त्या कार्यालयाच्या रिवाजावर आणि त्या दिवशीच्या निरीक्षकावर राहते.

नियम ३ मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लर्निंगवाल्याने मोटार चालवताना बाजूला पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. म्हणजे ‘मी एकटीच जाऊन ट्रायल देऊन येते’ हे चारचाकीच्या बाबतीत कायद्यात बसतच नाही. राइट टाउनमधून निघून मैदानाच्या फाटकापर्यंत गाडी नेणार कोण? मास्तर, बाबा, काका, मोठा भाऊ, कोणीतरी लागतोच. कोणीतरी येणारच असतो, तेव्हा वाद उरतो तो फाटकाच्या आतला. दुचाकीला हा वादही नाही. स्कूटरवर मागे मास्तरला बसवून कोणी आठ काढत नाही. तो कडेला उभा राहतो, आणि मुली त्याच्याकडे न बघता पास होतात.

आता प्रत्यक्षात काय चालतं? सगळीकडे एकच रीत नाही. काही ठिकाणी निरीक्षक गाडीत बसतो. पण रांगेत चाळीस-पन्नास माणसं उन्हात उभी असली की तो ट्रॅकच्या कडेला सावली धरतो, हातात यादी घेऊन एकेकाला बोलावतो, आणि बाजूच्या सीटवर मास्तर तसाच बसून राहतो. वरून सगळं ठीक दिसतं. खाली पाय काय करताहेत ते बाहेरून दिसत नाही.

माझ्या भाचीने लायसन्स दुसऱ्या गावी काढलं. गावाचं नाव सोडून देऊ. चढावरच्या परीक्षेत तिने हँडब्रेक सोडला, क्लच अर्ध्यावर आणला, गाडी थरथरली आणि सुळकन वर गेली. निरीक्षकाने मान हलवली. पुढे नोकरीसाठी ती जबलपूरला आली, आणि मदन महालकडच्या एका चढावर गर्दीत गाडी थांबवून पुन्हा काढताना चक्क दीड-दोन हात मागे आली. मागच्या स्कूटरवाल्याने वेळीच पाय टेकले म्हणून निभावलं. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की हाफ क्लच कुठे धरतो हे तिच्या पायाला कधी कळलेलंच नव्हतं; ट्रायलच्या दिवशी ते मास्तरच्या पायाला माहीत होतं. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याने तिला मदतच केली, फी घेतली होती, नापास होऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. अडचण नेमकी तिथेच आहे. शाळेचं नाव, पुढची गिऱ्हाइकं, तुझी माझी ओळख, सगळं त्या डाव्या पायात उतरतं.

पाय न हलवताही मदत होते. डॅशबोर्डवर दोन टिचक्या म्हणजे गिअर बदल, खाकरणं म्हणजे इंडिकेटर विसरलीस, गुडघ्यावर हात म्हणजे थांब. बहुतेक शिकणाऱ्यांना ही भाषा आपोआप येते, कारण महिनाभर तीच ऐकत आलेले असतात. महिनाभर तरी कुठे म्हणा! नियमाप्रमाणे शाळेचं शिक्षण किमान एकवीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं असावं लागतं. दहा तासांत एखाद्याचा पाय तयार होतो, एखाद्याचा होत नाही. ज्याचा होत नाही त्याला ट्रायलच्या दिवशी मास्तर बाजूला हवासा वाटतो, आणि ज्याला तो हवासा वाटतो त्यानेच त्याला खाली उतरवायला हवं.

धीराचं म्हणणं अगदीच मोडीत काढायचं कारण नाही. त्यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स नावाच्या संशोधकाने मांडलं, की कोणी बघत असलं की अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. चार वर्षांनी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. सरळ वाटेने पळणारं झुरळ, बाजूच्या पारदर्शक खोक्यांत दुसरी झुरळं बघायला असली की जास्त वेगाने पळालं. वळणाच्या वाटेवर मात्र झुरळं प्रेक्षकांसमोर रेंगाळली. माणसाला झुरळावरून जोखायचं नाही हे मान्य. पण ट्रायल देऊन आलेल्या कोणालाही विचारा: सरळ रस्त्यावर गिअर बदलताना सर असले-नसले काही फरक पडला नाही, आठ काढताना पडला, असंच बहुधा ऐकायला मिळेल. म्हणजे उत्तर माणसाच्या स्वभावापेक्षा तयारीवर अवलंबून आहे. ज्याचं आठ झोपेतही निघतं त्याला बघणाऱ्याने फायदाच होईल. ज्याचं अजून दर दुसऱ्या खेपेला खांबाला लागतं त्याने प्रेक्षक कमी ठेवावेत, आणि खरं तर तारीखच पुढे घ्यावी.

भारतात या प्रश्नावर उघड भांडण झालं ते केरळात. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या परिवहन खात्याने परिपत्रक काढलं आणि १ मे पासून ट्रायलची रीतच बदलायचं ठरवलं. के. बी. गणेश कुमार तेव्हा परिवहन मंत्री होते. दोन्हीकडे पेडलं असलेली गाडी ट्रायलला चालणार नाही, गाडीत कॅमेरा हवा, फार जुनी गाडी नको, नुसता एच काढून भागणार नाही, अशी कलमं होती. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी संप पुकारला, मैदानं अडवली, ट्रायली ठप्प झाल्या. मे महिन्यात वाटाघाटी होऊन सरकार काही कलमांवर मागे आलं आणि दुहेरी पेडलांना तूर्त मुभा मिळाली. पुढे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं.

शाळावाल्यांच्या बाजूनेही बोलता येतं. ट्रायल मैदानातून खऱ्या रस्त्यावर न्यायची असेल तर उमेदवाराने घात केल्यावर ब्रेक मारायला गाडीत कोणीतरी असायलाच हवं. निरीक्षकाच्या जिवाची काळजी कोणी करायची? पण त्याच भांडणात एक दुसरी गंमत होती. शाळेच्या अधिकृत प्रशिक्षकाने ट्रायलच्या वेळी स्वतः मैदानावर हजर राहिलं पाहिजे, असाही सरकारचा आग्रह होता, आणि शाळांचा त्यालाही विरोध झाला. प्रशिक्षक दिवसभर मैदानावर उभा राहिला तर शाळेत शिकवणार कोण, हा त्यांचा सवाल. म्हणजे सरकारला मास्तर हवा होता, पण गाडीबाहेर. मास्तरच्या पायाखालची पेडलं नको होती. माझ्या मते या प्रश्नाची इतकी नेमकी फोड आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या सरकारने केलेली नाही, परिपत्रक टिकलं नाही ही गोष्ट वेगळी.

गोलबाजारातल्या घरांतली मुलं आता पुण्याला असतात, म्युनिकला असतात, लंडनजवळच्या कुठल्या तरी गावात असतात, त्यामुळे बाहेरच्या रीतींची माहिती घरबसल्या मिळते. सगळ्यात चक्रावून टाकणारी रीत जर्मनीची. तिथे राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेला मास्तर न्यावाच लागतो, तोही बाजूच्या सीटवर, जादा पेडलांसह. परीक्षक मागे बसतो. वर कायदा असा, की अशा फेरीत गाडीचा चालक म्हणून जबाबदारी धरायची ती मास्तरची. आपल्याकडे जी लबाडी ठरावी तीच बैठक तिथे सक्तीची. मग पोरं मास्तरच्या पायाने पास होत नाहीत का? होत नाहीत, कारण मास्तरने ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंगला हात लावला की परीक्षा तिथेच संपली, उमेदवार नापास. आणि हे पाहायला मागच्या सीटवर एक माणूस बसलेला असतो, तो मास्तरच्या पगारातला नसतो. आपल्या मैदानांवर बऱ्याचदा ही मागची सीट रिकामी असते. नुसती मास्तरची जागा जर्मनीसारखी ठेवून भागायचं नाही.

फ्रान्सने जागा उलट्या केल्या आहेत: परीक्षक पुढे, त्याच्या पायाखाली पेडलं, आणि शाळेचा माणूस मागे. विलायतेत निवड उमेदवाराची. तिथे १९३५ पासून ट्रायल सक्तीची आहे. भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, नंतर ट्रायल द्यावीच लागते. परीक्षक सुरुवातीलाच विचारतो, सोबत कोणाला मागे बसवायचं आहे का? मास्तर चालतो, सोळा वर्षांवरचा नातेवाईकही चालतो, फक्त त्याने तोंड उघडायचं नाही. आतमध्ये कोणी नको असेल तर संपल्यावर निकाल ऐकायला मास्तरला बोलावता येतं. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ, सोळावी झाली की नापास. गंभीर चूक एकच पुरते. आणि कुठली चूक कुठल्या वळणावर झाली हे परीक्षक सांगतो. मास्तरने हे ऐकावं, म्हणजे पुढचे तास कशावर घालवायचे ते त्याला कळेल, असा त्यामागचा हिशेब. मला सगळ्या रीतींत ही शेवटची सोय सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण ती मास्तरला पुन्हा त्याच्या मूळ कामावर, म्हणजे शिकवण्यावर आणते.

पुण्याला असलेल्यांना हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला दिसतो. चारचाकीची ट्रायल तिथे भोसरीला, नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. चढ, आठ, उलटी गाडी घेणं, पार्किंग, सगळं आखलेलं, आणि निकाल संगणकाच्या हिशेबाने. दिल्लीतही असे ट्रॅक झाले आहेत. देहरादूनला २०१९ पासून आणखी एक प्रयोग चालू झाला. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तयार केलेली यंत्रणा. समोरच्या काचेला एक स्मार्टफोन लावायचा, तो रस्ताही बघतो आणि चालवणाऱ्याची मानही, म्हणजे आरशात पाहिलं की नाही तेही. निरीक्षक गाडीत नाही, मास्तरही नाही. यंत्राला ओळख नसते आणि उन्हाचा कंटाळाही येत नाही, ही मोठी सोय. उणीव एवढीच, की यंत्राच्या ट्रॅकवर गाय आडवी येत नाही आणि चुकीच्या बाजूने येणारी मोटारसायकलही नसते. दमोह नाक्यापासून मदन महालपर्यंतच्या लांबलचक उड्डाणपुलावर चढताना मागून कोण कुठल्या बाजूने येईल, हे कुठला सेन्सर शिकवणार?

दुसऱ्या टोकाला एक नियम असा आहे की ज्याने हा सगळा वादच निकालात निघावा. ७ जून २०२१ ला केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले, ते १ जुलैपासून लागू झाले. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत एकोणतीस तासांचा, त्यातले एकवीस तास प्रत्यक्ष चालवायचे. प्रशिक्षण केंद्राने तिथेच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं की आरटीओच्या ट्रायलमधून सूट. २०२४ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर धुमाकूळ झाला, की १ जूनपासून आरटीओत ट्रायल बंद, कुठल्याही खासगी शाळेत लायसन्स मिळणार. मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की नवं काही नाही, २०२१ चेच नियम चालू आहेत, आणि प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. गल्लीतल्या शाळेला ही मान्यता नसते. त्यासाठी जागा लागते, ट्रॅक लागतो, सिम्युलेटर लागतो.

पण तत्त्व बघा. इथे ज्या संस्थेने शिकवलं तिनेच पास करायचं. प्रत्यक्ष चालवण्याचे एकवीस तास हे दहापेक्षा केव्हाही चांगले, त्याबद्दल दुमत नाही. तरी ज्याने फी घेतली त्याच्याच हातात निकाल द्यायचा, तर त्याच्यावर नजर ठेवणारं कोणीतरी बाहेरचं लागेल, आणि ती नजर किती दिवस टिकते यावर या केंद्रांची किंमत ठरेल.

आता थोडं घरच्या मास्तरांबद्दल, कारण या शहरात बरीच माणसं मोटर स्कूलमध्ये जातच नाहीत. हे लष्करी ट्रकांचं गाव. गन कॅरेज फॅक्टरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप इथेच बनल्या. त्यामुळे फॅक्टरीतून निवृत्त झालेला, ज्याच्या हाताखालून असली धुडं गेली आहेत असा एखादा काका रांझी-आधारतालकडे ओळखीत निघतोच, आणि तो शेजारच्या पोरांना हौसेने शिकवतो. लर्निंगपुरता कायद्याला तो चालतो, लायसन्स वैध असलं की झालं. त्याचा फायदा असा, की घरच्या गाडीला जादा पेडलं नसतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ब्रेक शिकणाऱ्याचाच असतो. काकाला फार तर हँडब्रेक ओढता येतो आणि ओरडता येतं. तोटा असा, की तो स्वतः चार दशकांपूर्वी शिकला. इंडिकेटर म्हणजे हात बाहेर काढणं आणि आरसा म्हणजे केस विंचरायची सोय, असं त्याच्या शिकवणीत अधूनमधून डोकावतं. ट्रायलच्या दिवशी असा काका मैदानात असला की निरीक्षकाशीच हुज्जत घालायची शक्यता जास्त. त्याला टपरीवरच थांबवावं.

बाबांचं प्रकरण याहून नाजूक. शिकवणाऱ्या बापाचा आवाज चढतो, आणि तो आवाज पोरीच्या कानात ट्रायलच्या दिवशीही वाजत राहतो, मग तो प्रत्यक्षात फाटकाबाहेर का उभा असेना. अशा घरांत शेवटचे चार-पाच दिवस तरी परक्या माणसाकडे सराव केलेला बरा. पैसे जातात, जेवणाच्या ताटावरची शांतता वाचते.

मग माझं मत काय? मास्तर मैदानावर हवा, गाडीत नको. गाडीत बसायचाच असेल तर मागे, पेडलांपासून लांब. शाळेचीच गाडी असेल आणि निरीक्षक बाहेर उभा असेल तर उमेदवारानेच सांगावं, सर, तुम्ही उतरा. हे म्हणायला जीभ रेटत नाही, मला कल्पना आहे. गुरूला खाली उतर म्हणायचं आपल्या हाडात नाही. ते आदल्या दिवशी, सरावाच्या शेवटी सांगितलं तर सोपं जातं, आणि चांगल्या मास्तरला त्याचा राग येत नाही. उलट त्याला तो मान वाटतो.

मैदानावर त्याचं काम एकच: बघणं. आपल्याकडे नापास झाल्यावर ‘नाही झालं, पुन्हा या’ एवढंच ऐकू येतं. चाक रेषेवर गेलं, की आरसा बघितला नाही, की चढावर गाडी इंचभर मागे आली, हे कडेला उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला दिसतं आणि घाबरलेल्या उमेदवाराला आठवत नाही. पुन्हा देता येतं, त्याची लाज नको. पण तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शाळेत पुन्हा उजळणीही करावी लागते. त्यामुळे पहिल्या खेपेला कुठे चुकलं हे कळणं फार मोलाचं.

शाळेची फी ठरवतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ट्रायलला गाडी कुठली देणार, सरावाला होती तीच की आयत्या वेळी दुसरी? क्लच वेगळा लागला तर सगळा महिना वाया. मास्तर त्या दिवशी येणार की एजंटाला पाठवणार? नापास झाल्यास पुढच्या तारखेपर्यंतचे तास फीमध्येच धरले आहेत का? आणि शेवटचे दोन दिवस त्यांनी पाय सीटखाली ओढून, मांडीवर हात ठेवून बसायची तयारी आहे का? या शेवटच्या प्रश्नाला जो मास्तर हसून ‘आजपासूनच बसतो’ म्हणेल, त्याच्याकडे पैसे भरायला हरकत नाही.